वळवाच्या दिवसांत बांधलेला जॅक

वैशाखात दुपार कलली की हवा एकदम थांबते. झाडाचं पान हलत नाही, कुत्री उभ्या गाड्यांखाली शिरतात, ब्लाउज पाठीला चिकटून बसतो. मग पूर्वेकडून काळं काहीतरी वर चढत येतं आणि बघता बघता शहराच्या अंगावर कोसळतं. परवा यंदाचा वळीव असाच आला. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे ओढत होते. मागच्या गल्लीतल्या कुठल्या तरी शेडचा पत्रा सुटला, हवेत गिरकी घेऊन रस्त्यावर आदळला आणि डांबरावरून खरडत लांबपर्यंत गेला. शेजारच्या वहिनी हसत ओरडल्या, "गेला बघा कुणाचा तरी!" मला हसू आलं नाही. कपडे छातीशी धरून मी तशीच भिजत उभी राहिले.

लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज मला आता साधेपणानं ऐकू येत नाही. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा त्यात भरलेला आहे.

आम्ही तिघं भावंडं. थोरली आक्का, मधला दादा आणि धाकटी मी. शिरोलीच्या एमआयडीसीत बाबांनी ट्रॉल्या बांधायची शेड काढली होती. ट्रॅक्टरमागं ऊस वाहणाऱ्या त्या लांबलचक ट्रॉल्या. बाबांच्या माघारी शेड आक्का चालवते. ती उंच, रुंद हाडाची, आणि आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही तिचं बोलणं फाटकापर्यंत पोचावं. आमच्याकडच्या बायका 'मी येते' म्हणत नाहीत, 'मी येतो' म्हणतात. आक्काच्या तोंडी ते साधं 'येतो' सुद्धा धमकीसारखं वाटायचं. शेडमधले पुरुष तिच्यापुढं मान वर करत नसत.

आणि हीच आक्का कुरुंदवाडला नांदत होती तेव्हा नवऱ्याचा मार खात होती.

दाजी दिसायला देखणे. चारचौघांत बोलणं मवाळ, पाहुण्यांना स्वतः उठून पाणी देणार. दार लावलं की हात सुटायचा. पट्टा, चप्पल, जे सापडेल ते. आक्कानं माहेरी कधी एक शब्द सांगितला नाही. एका दिवाळीला तिला न्हाऊ घालताना आईनं तिची पाठ बघितली आणि तेलाची वाटी आईच्या हातातून पडली. त्यानंतर आक्का सासरी परतली खरी, पण चारच दिवसांत दादा तिला आणायला गेला. त्यानं आवाजही चढवला नाही. सोप्यात उभा राहून म्हणाला, "आक्का, पिशवी भर." दाजींनी गोठ्यातून पहार उचलली आणि पिशवी भरणाऱ्या आक्कावर उगारली. दादा मधे गेला. पहार त्याच्या उजव्या खांद्यावर बसली. ऊस मोडताना कांडं वाजतं, तसा आवाज आला म्हणे. दोघं एसटीनं कोल्हापूरला आली. दादानं एका हातानं दुसरा हात धरलेला, आक्कानं पिशवी. पोलिसांत जायचं नाही असं घरातल्या मोठ्यांनी ठरवलं. घरातली गोष्ट घरात, असं.

त्या काळात दादा ग्लायडर शिकत होता. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दोराला बांधून त्याला वर ओढून नेतात, दोर सुटतो, आणि पुढं सगळा खेळ वाऱ्याचा. तापलेल्या माळावरून ऊन हवा वर उठते, तिच्यात शिरून घारीसारखं गोल गोल चढायचं. खांदा मोडल्यावर आम्हांला वाटलं, संपलं याचं. पण विमानाची दांडी मांडीपाशी असते, तिला हात वर न्यावा लागत नाही. दादाचं उडणं सुटलं नाही. सुटलं ते उचलणं. भरलेली कळशी त्याला उचलवत नव्हती.

मग काही वर्षांनी, त्या उन्हाळ्यात मे महिन्याच्या तोंडाला त्यानं एका बंद पडलेल्या क्लबातलं जुनं, दोन माणसं बसतील असं ग्लायडर आणलं. आणलं ते ट्रेलरमधून. बसइतकी लांब, अरुंद, पांढरी पेटी. आत पंख काढून कडेला बांधलेले आणि मधे विमानाचं धड. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी रोज डबा घेऊन शेडवर जात होते. ती पेटी फाटकातून आत आली तेव्हा सगळी शेड काम टाकून बघत राहिली.

मागचं दार उघडलं की ट्रेलरमधून एक उतरता रॅम्प बाहेर येतो. त्यावरून धड ढकलत बाहेर काढायचं, मग रॅम्प उचलून धड कमरेइतक्या उंचीवर धरायचं आणि दोन्ही बाजूंनी पंख जोडून त्यांच्या भोकांत जाड पोलादी खिळे मारायचे. क्लबात हे चार-पाच जण मिळून करत. दादाला रोज कुणापुढं हात पसरायचा नव्हता.

आक्कानं पेटीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाली, "ह्येला खालनं जॅक पायजे."

"तसला हितं मिळत न्हाय."

"मग मी काय बांगड्या भरून बसलोय व्हय? बांधूया की."

दुसऱ्या दिवसापासून बांधायला सुरुवात झाली. आक्कानं ट्रकचा एक जुना तेलाचा जॅक काढला. दांडा हापसला की तेलाच्या जोरानं वर येणारा, आणि बाजूची चावी सैल केली की खाली बसणारा. त्याच्याभोवती चौकोनी पाइपांची चौकट उभी करायची आणि ती रॅम्पच्या पोटाखाली बसवायची. ऐकायला एवढंच. पण ते बांधताना मी जे बघितलं ते सोपं नव्हतं. पाइप कापताना किंचाळायचा. ठिणग्या आक्काच्या हातमोज्यांवरून उडून तिच्या मानेवर बसायच्या आणि ती मान झटकायचीसुद्धा नाही. वाकडं झालेलं पन्हळीसारखं लोखंडी चॅनेल तापवून ती त्यावर घण घालायची. एक, दुसरा, तिसरा, दात आवळून, काम झालं तरी थांबायची नाही. दादानं एकदा तिचं मनगट धरलं. "झालं सरळ, आक्का." तिनं हात हिसडून घेतला.

"लोखंडाला मारल्याबिगार ते ऐकत न्हाय," ती म्हणाली.

हे वाक्य मी याआधी कुठंतरी दुसऱ्या तोंडातून ऐकलं असणार असं मला वाटत राहिलं, कुठलं ते कळेना. मग एकदा रात्री जेवताना आईनं सांगितलं, दाजी असंच म्हणायचे. लोखंडाबद्दल नव्हे, बाईबद्दल.

पहिली चाचणी घेतली ती विमान पेटीतच ठेवून. रॅम्पवर धडाच्या वजनाइतकी वाळूची पोती रचली. आक्का दांडा हापसत गेली, रॅम्प हळूहळू उचलला गेला, शेडमधल्या पोरांनी टाळ्याही पिटल्या. आणि जॅकमधलं तेल अडवणारं रबरी सील फुटलं. तेलाची चिळकांडी उडाली आणि सगळा रॅम्प एका झटक्यात खाली आला. खाली टेकण म्हणून ठेवलेली सागवानी फळी चिरफळली. तिची एक ढलपी आक्काच्या भुवईला लागली. रक्त डोळ्यात उतरलं. ती ते दंडानं पुसत म्हणाली, "सील बदलतो. दुसरं काय."

दादा पांढरा पडला होता. तो फळीकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ओरडताना ऐकलं.

"सील न्हाय! कुलूप पायजे! तेल फुटलं तरी रॅम्प खाली येता कामा न्हाय!"

"हळू बोल."

"दात्यांची पट्टी लाव. वर जाईल तसं प्रत्येक दात्यात अडकण पडली पायजे."

"ही काय लिफ्ट हाय व्हय? दहा मिनिटांचं तर काम!"

"माणूस खाली असणार हाय, आक्का. खाली वाकून खिळे मारणार हाय माणूस!"

आक्कानं हातातला पाना भिरकावला. तो तेलाच्या पिंपाला लागून पिंप ठणाणलं. तेवढ्यात वळीव आला. गारा. पत्र्यावर गारांचा असा मारा सुरू झाला की कुणाला कुणाचं ऐकू येईना. तरी ती दोघं भांडत राहिली. मला फक्त दोन उघडी-मिटी तोंडं दिसत होती, मानेच्या शिरा, आक्काच्या गालावरून ओघळणारं रक्त, दादाचा तो एक वर न जाणारा हात. त्या आवाजात त्यांनी एकमेकांना काय काय सुनावलं ते त्यांनाही ठाऊक नाही. गारा थांबल्या तेव्हा दोघं दमली होती. आक्कानं खडू उचलला, खाली बसली आणि फरशीवर करवतीसारख्या दात्यांची एक पट्टी काढली.

"एवढ्या अंतरानं बास?"

"आणि जवळ."

तिनं मधले दाते काढले.

अडकण म्हणजे स्प्रिंगवर बसवलेली लोखंडी जीभ. रॅम्प चढेल तशी ती टक् टक् करत वरच्या दात्यात पडते. रॅम्प उतरवायचा तर आधी तो थोडा उचलायचा, तार ओढून ती जीभ बाहेर काढायची आणि मगच तेलाची चावी सैल करायची. नुसती चावी सोडली तर रॅम्प बोटभर खाली बसतो आणि अडतो. आक्कानं ते काम चोख केलं, पण शिव्या देत केलं. तिला ते शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दाजी यायला लागले. घटस्फोट झालेला नव्हता. एवढी वर्षं कुणी विषयच काढला नव्हता. शेड चांगली चाललीय आणि ती आपली बायको चालवतेय हे त्यांच्या कानावर गेलं असणार. फाटकाशी पांढऱ्या कपड्यांत उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पावणं, माझी बायको हाय आत. न्यायला आलोय." आक्का त्यांच्याकडं बघायची नाही. पण ते आले की तिच्या हातातलं वेल्डिंग वाकडं जायचं. मी बघितलंय.

तो रविवार होता. कामगार नव्हते. विमानाचं धड पहिल्यांदाच बाहेर रॅम्पवर काढलं होतं, जॅक चढवून ठेवला होता. दादा पंखांचे खिळे कातून आणायला पलीकडच्या लेथवाल्याकडं गेला होता. हवा थांबलेली. मी पिंपावर बसून कैरी कापत होते.

दाजी फाटकातून सरळ आत आले. प्यायले होते. कुणी अडवायला नव्हतं. भिंतीशी टेकवलेला घण त्यांनी उचलला आणि ग्लायडरपाशी गेले. पायलटच्या डोक्यावर पारदर्शक घुमटासारखं झाकण असतं, त्यावर त्यांनी घाव घातला. पहिला घाव उसळून परत आला. दुसऱ्याला झाकण तडकलं. तिसऱ्याला त्याचे तुकडे आतल्या सीटवर पडले.

"ह्या खेळण्यावर बसून तुझा भाऊ शाणा झाला व्हय? उडव म्हणावं आता!"

मी किंचाळले. आक्का किंचाळली नाही. कपबशी फुटली तरी एमआयडीसी डोक्यावर घेणारी माझी बहीण तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. ती विमानाच्या अंगावर हात ठेवून उभी होती.

दाजी वाकले. त्यांना खालचा जॅक दिसला.

"हे तू बांधलंस?"

आक्कानं मान डोलावली.

"तू?" ते हसले. मग गुडघ्यावर बसले, घण आडवा धरला आणि चौकटीच्या बुडावर मारता यावं म्हणून डोकं-खांदे रॅम्पखाली घातले. पहिला ठोका बसला. पूर्वेकडनं काळोख चढला होता. आक्का हळू चालत रॅम्पच्या कडेला गेली. ती खाली वाकली. मला वाटलं ती त्यांना ओढून बाहेर काढणार. तिनं तेलाच्या चावीला हात घातला आणि ती सोडली.

तेलाचा फुस्स आवाज आला. रॅम्प, त्यावरचं विमान, सगळं एकदम खाली आलं.

बोटभर.

ठण्ण.

अडकण दात्यात बसली होती. वरची धूळ दाजींच्या मानेवर पडली. त्यांचा घण थांबला. त्यांनी मान वळवून वर बघितलं आणि त्यांना आक्काचा हात दिसला, चावीवरचा. मग मागं मागं सरकत, गुडघे फरशीवर घासत, ते बाहेर आले. घण तिथंच राहिला. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा खरा बघितला असं मला वाटतं. त्यावर मवाळपणा नव्हता आणि मस्तीही नव्हती.

"मला मारत हुतीस तू."

"व्हय," आक्का म्हणाली.

तेवढ्यात वारा आला. उघड्या दारातून तो असा घुसला की भिंतीवरच्या टोप्या, कागद, पत्र्याचे तुकडे सगळं भिरभिरायला लागलं. विमानाचं शेपूट हललं, धड रॅम्पवर आडवं फिरायला लागलं. आक्कानं शेपटीवर अंग टाकलं आणि ओरडली, "बारके, धर!" मी धरलं. वाऱ्यानं आम्हां दोघींना उचलून आपटलं. माझी बरगडी पाइपावर आदळली, महिनाभर दुखत होती. दादा धावत आला आणि एका हातानं लोंबकळला. गारा आत येत होत्या, तोंडावर फुटत होत्या. तिघं त्या पांढऱ्या जनावराला मिठी मारून पडलो होतो. दाजी कधी गेले ते कुणी बघितलं नाही.

पाऊस ओसरल्यावर आक्का ओल्या फरशीवर बसली.

"मी चावी सोडलो," ती दादाला म्हणाली. "अडकणीचं माझ्या ध्यानातच नव्हतं रं. मी खरंच सोडलो."

दादानं वाकून पट्टी बघितली. एक दाता किंचित वाकला होता. तो बोटानं चाचपत राहिला, मग तिच्याशेजारी खाली बसला.

"मी हितं न्हवतो," तो म्हणाला. एवढंच. जणू त्याचीच काही चूक झाली होती.

सकाळी आक्का पोलीस ठाण्यात गेली. मी बरोबर होते. तिनं फुटलेल्या झाकणाचं सांगितलं, दादाच्या खांद्याचं सांगितलं, आपल्या पाठीचं सांगितलं, एवढ्या वर्षांचं सगळं, न थांबता, तिच्या नेहमीच्या आवाजात. बाहेर बाकावर बसलेली माणसं वळून बघत होती. आणि शेवटी म्हणाली, "मी बी त्याला मारायला गेलतो. ते बी लिव्हा."

लिहून घेणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, ते कशाला सांगताय? तुमच्यावरच उलटंल."

"झालंय म्हणून सांगतो."

त्यानं ते लिहिलं. तिच्यावर उलटलं नाही, एवढं खरं. दाजींवर खटला उभा राहिला, तो बराच काळ चालला आणि त्या खटल्याच्या मागोमाग घटस्फोट झाला. ते पुन्हा फाटकाशी दिसले नाहीत.

मी शाळेत मुलांना शिकवते. रोज दोन-तीन मारामाऱ्या सोडवते. सोडवताना मला तो बोटभर खाली आलेला रॅम्प आठवतो. मार खाणारा माणूस नुसता मार खात नसतो, मारणारा हात कसा चालतो तेही त्याच्या अंगात मुरत असतं. आक्का दुबळी नव्हती आणि दुष्टही नव्हती. त्या क्षणी ती फक्त भरून आली होती. आपल्याला वाटतं, शेवटच्या घटकेला माणसाचं मन त्याला आवरतं. मला तसं वाटत नाही. तिचं मन आवरायला आलं नाही. आवरलं ते एका तुकडाभर लोखंडानं, आणि तेही कुणीतरी आधी जीव तोडून भांडलं होतं म्हणून. घराघरांत अशी भांडणं वेळेवर झाली असती तर, असं मी स्वतःशी म्हणते. मग मधे पडल्यामुळं मोडलेला दादाचा खांदा आठवतो.

झाकण नवं बसवायला वर्ष गेलं. वाकलेला दाता आक्कानं बदलला नाही, अख्खी पट्टीच नवी केली. पुढच्या उन्हाळ्यात दादानं ग्लायडर एका लांबच्या धावपट्टीवर नेलं आणि आम्हां दोघींना बोलावून घेतलं. आक्का पुढच्या सीटवर बसली. दादानं तिचे पट्टे आवळले तेव्हा ती त्याला म्हणाली, "पाडलास तर बघ," पण आवाज बारीक होता.

दोर सुटला आणि ती दोघं वर गेली. वळवाचे दिवस, माळ तापलेला. ऊन हवेचे धक्के एवढे की खालूनसुद्धा पंख थडथडताना दिसत होते. एकदा तर सगळं विमान कुणी झापड मारावी तसं बाजूला फेकलं गेलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते गोल फिरत आणखी वर चढलं होतं, आणि त्याच वर्तुळात दोन घारी होत्या.

उतरल्यावर मी धावत गेले. झाकण उघडलं. आक्काच्या साडीवर उलटीचे डाग होते, केस कपाळाला चिकटले होते. तिनं माझा हात धरला, पण उठली नाही.

"काय वाटलं गं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"लई मारतंय वर वारं," ती म्हणाली. "पण कुणावर राग न्हाय त्याचा."